उतरलेले खलाशी

व्हिडिओ गेम करायला घेतला तेव्हा बोईसरच्या कारखान्यातल्या माझ्या ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. गेम पूर्ण झाल्यावर तेच लोक सांगू लागले, मोठा प्रकाशक मिळतोय तर डोळे मिटून सही कर. डोळे मिटून मी बाजारात साधी कोळंबीसुद्धा घेत नाही.

गेमचा प्रकाशक म्हणजे तुमचा गेम ऑनलाइन दुकानांत मांडणारा, जाहिरात करणारा आणि त्या बदल्यात कमाईत वाटा घेणारा. माझा गेम बोईसरजवळच्या आमच्या दांडी गावच्या समुद्रावरचा. त्यातली मुलगी बापाच्या होडीवर चढते आणि पाण्याचा रंग बघून जाळं कुठे टाकायचं ते शिकते. होडीचा मुख्य, म्हणजे तांडेल, माझ्या बाबांच्या आवाजात ओरडतो. बाबा आयुष्यभर तांडेलच होते. माइकसमोर आधी लाजले, मग असे सुटले की निम्म्या शिव्या मला कापाव्या लागल्या. तो आवाज कायमचा परक्याच्या ताब्यात द्यायला मी तयार नव्हते.

मुंबईच्या त्या मोठ्या प्रकाशकाने कराराचा मसुदा पाठवला. गेमचे सगळे हक्क त्यांचे, कायमचे. बाजारात कधी आणणार, याबद्दल चकार शब्द नाही. विचारलं, तर फोनवरचा साहेब गोड हसला. "मॅडम, विश्वास ठेवा ना. आमच्या वेबसाइटवर बघा, गेम दिलेले सगळे किती खूश आहेत."

बघितलं. होते खूश. पण मी दांडीची. आमच्याकडे हंगामाच्या तोंडावर नव्या होडीवर कामाला लागताना कोणी तांडेलाला विचारत नाही, की बाबा रे, तू माणूस कसा आहेस. त्याच्या होडीवर आत्ता असलेल्या खलाशालाही विचारत नाहीत. तो बिचारा काय बोलणार? गेल्या हंगामात जो ती होडी सोडून उतरला, त्याला गाठतात. मीही तेच केलं. ज्यांचे गेम या प्रकाशकाने घेतले होते पण ज्यांचे फोटो वेबसाइटवर नव्हते, त्यांना शोधून काढलं. एक नागपूरचा सापडला. त्याचा गेम त्यांनी घेऊन नुसता ठेवून दिला होता. ना विकत होते, ना परत देत होते. "माझाच गेम माझ्या वेबसाइटवर टाकायची मला परवानगी नाही," तो म्हणाला. त्याच्यापेक्षा मलाच जास्त राग आला.

मी साहेबाला कळवलं, ठरलेल्या मुदतीत गेम बाजारात आणला नाहीत तर तो परत माझा, एवढं कलम घाला. त्याचा फोन आला, पण गोडवा पार आटला होता. "बोईसरमध्ये बसून दुसरं कोण मिळणार आहे तुम्हाला?"

"कोणी नाही मिळालं तर मी आहे," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना ऑफिसातले हळहळले, चालून आलेली लक्ष्मी लाथाडलीस. मी म्हटलं, लक्ष्मी दारात येते, घराचा सातबारा मागत नाही.

मग पुण्याच्या एका छोट्या प्रकाशक बाईंना पहिल्याच फोनवर विचारलं, तुम्हाला सोडून कोण गेलं? त्यांनीच एक नंबर दिला. "आमचं कडाक्याचं भांडण झालंय. तो चांगलं बोलणार नाही, पण विचारा."

तो खरंच चांगलं बोलला नाही. जाहिरात ढिली, ईमेलला उत्तर उशिरा, सगळं ऐकवलं. शेवटी मी विचारलं, तुझ्या गेमचं काय झालं?

"गेम? तो दिला की परत. मागितल्याबरोबर."

बाईंचा करार माझ्या कलमासकट आला. रविवारी दांडीला जाऊन तो बाबांना वाचून दाखवला. आवाज त्यांचा होता, त्यांना कळायलाच हवं होतं. ते अंगणात जाळं सांधत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "धंदा ती बाई करंल, ठीक हाय. पन होडी कोनाच्या नावावर?"

"माझ्या."

"तिच्याशी नाय जमला तं?"

"होडी घेऊन मी परत आपल्या किनाऱ्यावर."

त्यांनी गाठ दातात धरून आवळली.

"मंग घाल पान्यात."