दादांचं इटालियन जेवण

सांगली-मिरज रस्त्यावर, विश्रामबागेच्या अलीकडे, सत्तरच्या दशकात एक इटालियन हॉटेल निघालं होतं. दोन-तीन वर्षांत ते बंदही पडलं, आणि त्याच्या दाराला कुलूप बघून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. मी तिथे एकदाच गेलो. पाणी दोनदा मागून मिळालं. जेवण सव्वा तासाने आलं, तेही कोमट. माझ्या हातून मात्र एक वेगळीच चूक झाली, ती पुढे येईलच.

गेलो होतो ते थोरल्या भावासाठी. मी त्यांना दादा म्हणायचो. दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. दुसऱ्या महायुद्धात ते रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत भरती होऊन इटलीला गेले आणि लढाई संपल्यावर पाटणजवळच्या आमच्या गावी परत आले. त्यानंतर तीस वर्षं ते युद्धाबद्दल काही बोलले नाहीत. न गोळ्यांबद्दल, न बोटीबद्दल. फक्त कुठेही चांगलं जेवण झालं, की हात धुताना म्हणायचे, "इटलीत एकदा जेवलो हुतो."

एवढंच. माझ्या लग्नात म्हणाले. साताऱ्याच्या स्टँडजवळ खानावळीत मी त्यांना माझ्या पहिल्या कमाईचं मटण खाऊ घातलं, तिथेही म्हणाले. मी चिडलो.

"असं काय खाल्लं हुतं तितं?"

"सांगून कळायचं न्हाई."

घरात सगळ्यांनी तर्क लढवले. आई म्हणायची, साहेबाच्या पंगतीत बसवला असेल. वहिनीला वाटायचं, खाऊ नये असलं काहीतरी खाल्लं असेल, म्हणून सांगत नाहीत. मला मात्र ती गोष्ट कुसळासारखी टोचत राहिली. मी बारदानाचा धंदा करायचो. हळदीची, शेंगांची जुनी पोती घ्यायची, शिवून घ्यायची, विकायची. समोरच्याच्या मनात काय आहे हे काढून घेण्यावरच माझं पोट होतं. आणि सख्ख्या भावाच्या मनातलं एक जेवण मला काढता येत नव्हतं.

मग दादांच्या पोटात दुखायला लागलं. पाटणच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं. मिरजेत तपासण्या झाल्या आणि पोटाचं ऑपरेशन ठरलं. पुढे सगळं सुखरूप पार पडलं, पण त्या दिवशी ते कोणाला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी सहापर्यंत काय खायचं ते खा. सहानंतर काही नाही. आणि ऑपरेशननंतर काही महिने पेज, ताक, मऊ भात." जाता जाता हसून म्हणाले, "आज काय आवडीचं असेल ते खाऊन घ्या."

मला बसमधून येता-जाता दिसणारी ती पाटी आठवली. तिच्यावर कलता मनोरा काढला होता. मी म्हणालो, "दादा, चला. आज त्ये इटलीचं खाऊनच घ्या."

दादा चपला शोधू लागले. एवढ्यावरून मी ओळखलं, की त्यांना जायचं आहे.

साडेचारला आम्ही आत बसलो. टेबलांवर लाल चौकटीचं कापड, प्रत्येकापुढे घडी घातलेला पांढरा रुमाल. वेटर चांगला पन्नाशीचा, उडप्याच्या हॉटेलातून नुकताच आलेला असावा. गळ्यातल्या काळ्या बो-टायने बेजार झाला होता. त्याने कार्ड आणून टाकलं आणि गेला तो दिसेनासाच झाला. कार्ड सगळं इंग्रजी. मी अक्षरं जुळवत वाचत गेलो.

"मॅकरोनी. ही हुती का?"

"काय म्हाईत."

"स्पॅगेटी?"

"नाव इसरलो रं. बघितल्यावर सांगीन."

वेटर आला तेव्हा कळलं, की भट्टी पाचला पेटते. मी म्हणालो, आमच्याकडे सहापर्यंतच वेळ आहे, पेशंट आहे. तो म्हणाला, "सांगतो मालकांना." पाणी मागितलं, तेही सांगतो म्हणाला.

मालक आला. मूळचा कोकणातला, वीस वर्षं इटालियन बोटींवर स्वयंपाकघरात काढलेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अंगाने स्थूल, बोलायला गोड. मी ठरवलं, की याच्याशी नीट सौदा करून टाकावा. कार्डावर जे जे आहे ते थोडं थोडं सगळं आण, म्हणजे दादांना त्यातलं ओळखता येईल, पण सहाच्या आत आण आणि त्याचा एक भाव सांग.

आता आमच्या सांगलीच्या हळदपेठेत भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभा असलेल्यालाही कळत नाही. मी पोत्यांचे सौदे करता करता ते शिकलो होतो आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारच्या टेबलावर माणसं होती, त्यांच्यासमोर घासाघीस नको, म्हणून मी समोरचा पांढरा रुमाल उचलला, मालकाचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि त्याची दोन बोटं दाबली.

त्याने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. मागे सरला आणि आत निघून गेला.

माझ्या कानशिलात आग झाली. हे कोणाला कळेल, कोणाला नाही. आमची वस्ती गावाबाहेरची. धर्मांतरानंतर आम्ही बौद्ध झालो, शिकलो, मी सांगलीत घर बांधलं. पण लहानपणी मी हॉटेलाच्या बाहेर उकिडवा बसून, आमच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा प्यायलेला आहे. आणि हात काढून घेणं कसं असतं, ते मला शिकवावं लागत नाही.

दादा म्हणाले, "बस खाली."

"बगितलं का त्यानं काय केलं?"

"बगितलं. बस."

मी बसलो. वेटरला जे लवकर होईल ते आणायला सांगितलं. पाच वाजले. सव्वापाच झाले. आमच्यानंतर मेडिकल कॉलेजातल्या पोरापोरींचा घोळका आला. त्यांच्याकडे वेटर हसत गेला. पावणेसहाला दहा मिनिटं होती तेव्हा त्यांच्या टेबलावर वाफाळत्या बशा आल्या. आमच्यापुढे पाण्याचे दोन पेले, एकाच्या कडेला कुंकवासारखा लाल डाग.

मी उठलो तो सरळ गल्ल्यापाशी.

"आमच्या हाताला काय लागलंय हो?" मी विचारलं. आवाज चढलेला होता, आणि मी तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही. "आम्ही आधी आलो. पेशंट हाय म्हणून सांगितलं. त्यांना जेवण, आमाला पानी. हात धरला तर झिडकारता?"

घोळक्यातल्या पोरांनी माना वळवल्या. मालक काउंटरमागे उभा होता, त्याचा चेहरा खरोखरच गोंधळलेला दिसला.

"तुम्ही माझ्या हातात नोट सरकवत होता ना?" तो हळूच म्हणाला. "आधी जेवण मिळावं म्हणून? बोटीवर तसं घेताना सापडलो असतो तर नोकरी गेली असती. मी घेत नाही. म्हणून सरकलो."

"नोट? मी भाव करत हुतो."

"रुमालाखाली?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. सांगलीत दीड वर्ष राहून हा माणूस हळदीच्या पेठेत एकदाही गेला नव्हता. मी त्याचं बोलणं खरं मानलं का? निम्मं. उरलेल्या निम्म्यावर मी आजही अडलेलो आहे. कारण नोट समजून हात काढला हे धरून चाललो, तरी एका आजारी माणसाची ऑर्डर पाऊण तास आत दिलीच नव्हती, ती का? वेटर विसरला म्हणे.

मी पुढे आणखी काही बोललो असतो. पण दादा मागून येऊन उभे राहिले आणि मालकाशी काहीतरी बोलले. मराठीत नाही. चार-पाच शब्द, अडखळत. त्यातला 'मान्जारे', म्हणजे खाणं, एवढा माझ्या लक्षात राहिला.

मालकाचं तोंड उघडं राहिलं. मग त्याने त्याच भाषेत उत्तर दिलं, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं. दादांनी आणखी दोन शब्द काढले. मालकाने त्यांच्यासाठी काउंटरमागचं स्टूल पुढे ओढलं. दादा बसले आणि बोलू लागले. शब्द कमी पडला की हाताने दाखवायचे. दोन्ही हात पसरून काहीतरी लांबरुंद, मग ओतल्यासारखं, मग बोटाने कडेपासून मध्यापर्यंत रेघ.

मी बाजूला उभा. तीस वर्षं ज्याच्या तोंडून एकच वाक्य निघालं, तो माझा भाऊ एका बोटीवरच्या आचाऱ्याला सगळं सांगत होता, आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. हॉटेलवर माझा राग होताच. पण खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांचा राग जास्त आहे.

"काय म्हणतायत ते?" मी मालकाला विचारलं.

"पोलेंता," तो म्हणाला. दादांनी जोरात मान हलवली. "मक्याचा भरडा असतो. पाण्यात शिजवून घट्ट करायचा आणि मोठ्या पाटावर ओतायचा. सगळं घर पाटाभोवती बसतं. ताट नाही, वाटी नाही. ज्याने त्याने आपल्यासमोरच्या कडेपासून खात मध्यापर्यंत यायचं."

"म्हंजे कण्या?" मी म्हणालो.

दादा म्हणाले, "कण्याच."

आमच्या घरात भाकरीला ज्वारी नसायची तेव्हा आई मक्याच्या कण्या शिजवायची. कोणी आलं तर झाकून ठेवायची. आणि हा माणूस माझ्या लग्नाचं जेवण जेवून त्या कण्यांची आठवण काढत होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. मी मालकाला म्हणालो, "करा मग तेच."

"मक्याचं पीठ नाही. असलं तरी पाऊण तास ढवळावं लागतं."

"रवा असंल की. दहा मिन्टात शिजतोय."

"रव्याची पोलेंता होत नाही हो."

"पिवळा रंग घाला. आन् पोळपाटावर वता. तुमचं काय जातंय?"

"माझ्या स्वयंपाकघरातून मी तसलं बाहेर पाठवणार नाही."

"त्या पोरांना कोथमिरीची हिरवी चटणी लावलेली मॅकरोनी पाटवता, ती चालती व्हय?"

मी अजून ताणलं असतं, आणि पाच मिनिटांत त्याला वाकवलंही असतं, याची मला खात्री आहे. दादांनी माझ्या दंडाला धरलं. "नगं. तयार हाय त्ये आण म्हणावं. बारा मिन्टं ऱ्हायल्यात."

मॅकरोनी आली. वर टोमॅटोचं आंबटगोड कालवण आणि किसलेलं चीज. कोमट. मालकाने स्वतः आणली, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. दादांनी काटा बाजूला ठेवला आणि चमच्याने खाल्लं. घाई केली नाही. बशीत निम्मी उरली असताना घड्याळाकडे बघून त्यांनी चमचा खाली ठेवला.

"खावा की सगळी," मी म्हणालो. "डाक्टर काय हितं बघतोय?"

"सा म्हंजे सा."

उरलेली मी संपवली. टाकायची तर पैसे कशाला द्यायचे. चव वाईट नव्हती, पण हे मी मालकाला सांगितलं नाही.

मिरजेच्या बसमध्ये खिडकीपाशी दादा बसले. मला राहवेना.

"कशी हुती त्या कण्यांची चव?"

"मीठ कमी हुतं. लढाईत त्येंच्याकडं मीठच न्हवतं."

"मग त्यात एवढं काय हुतं?"

दादा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बर्फ पडत हुता. आमचा ट्रक अडकलेला. म्हातारीनं दार उघडलं आन् पाटापाशी सरकून जागा केली. तिची सून, दोन पोरं, आन् मधी मी. पोरं माझ्या बाजूचं खात हुती, मी त्येंच्या."

एका पाटावर, एकमेकांच्या बाजूचं. गावी आमच्या सावलीचाही हिशोब ठेवला जायचा त्या काळात.

"मग घरी का न्हाई सांगितलं? आमी डोकं फोडून घेतलं."

"आईम्होरं कसं सांगायचं? ती कण्या वाडायची आन् तोंड फिरवायची. तिला वाटलं असतं, ह्यो टोमणा मारतोय."

"आन् आई गेल्यावर?"

बस हॉस्पिटलपाशी थांबली. दादा पोटावर हात धरून सावकाश उठले.

"तवर न सांगायची सवय झाली हुती," म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले.