झाकलेली पिशवी

पेणच्या एका खाजगी इस्पितळात इंदुबाई सोळा वर्षं मावशीचं काम करत होती. कासूहून सकाळच्या गाडीनं यायची, पदर खोचायची आणि पुरुषांच्या वॉर्डात अशी शिरायची, जणू घरचंच आवरायला निघालीय. अंग पुसणं, चादरी बदलणं, भांडं देणं, ही कामं मन लावून करणारी माणसं फार नसतात, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. थोडा ताठा होताच. का नसावा?

तिचा खरा अभिमान मात्र वेगळाच. लघवीची नळी घातलेल्या माणसाची पिशवी खाटेच्या कडेला लोंबत असते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. गावची माणसं भेटायला आली की पेशंट तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसतो. इंदुबाईला ते बघवत नसे. चार वाजता भेटीची वेळ झाली की ती पिशवी उचलून खाटेवर पायांजवळ ठेवायची आणि वरून चादर ओढायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणायची. लोक तिला दुवा द्यायचे.

रोह्याची रोहिणी सिस्टर नवी आली तेव्हा तिनं बजावलं होतं, "मावशी, पिशवी कमरेच्या खालीच पायजे. वर घेतली की साचलेली लघवी नळीतून उलटी आत जाते, जंतू घेऊन. आणि जमिनीलाही टेकवायची नाय." इंदुबाईनं मान डोलावली. कालची पोर ही, हिला माणसाची लाज काय कळणार, असं मनात म्हणाली, आणि चार वाजता पुन्हा आपलं तेच.

मग गुणाजी आला. खाडीकडच्या गावचा, मिठागरावर राबणारा. बांधावरून घसरून मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, नळी लागली. रोज दहाबारा माणसं बघायला यायची, व्याही, सुना, भाचे. त्याची बायको ठमाबाई हळूच म्हणाली, "इंदुबाय, सुनांसमोर ती पिशवी दिसते गो. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हतं." इंदुबाईनं पिशवी वर घेतली. गप्पा रंगल्या, दोन तास ती तशीच राहिली. चार दिवस हेच चाललं.

पाचव्या दिवशी गुणाजीला थंडी वाजून ताप भरला. लघवी गढूळ झाली. तो काहीबाही बडबडू लागला, बायकोलाही ओळखेना. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर रोहिणीला झापलं, "नळीची काळजी तुमच्याकडे होती ना?" पोरीचे डोळे भरून आले. हाताच्या अंतरावर इंदुबाई फडकं पिळत उभी होती. बोलली नाही. नोकरी जाईल ही भीती होती, खोटं कशाला सांगा. पण सोळा वर्षं कमावलेलं नाव जाईल ही भीती त्याहून मोठी होती.

नळी काढली, औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही ताप हटला नव्हता. ठमाबाईनं इंदुबाईचे दोन्ही हात धरले. "तुमीच ह्यांची लाज राखली गो. त्या शिस्टरनी लक्ष दिलं नाय, म्हनून असं झालं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं इंदुबाईला झालं. "नाय गो ठमाबाय," ती म्हणाली, "सिस्टरनी सांगितलं व्हतं. मीच ऐकलं नाय. पिशवी वर ठेवली म्हनून ताप आलाय. माझ्यामुळं आलाय."

ठमाबाईनं हात सोडले. नवऱ्याच्या उशाशी जाऊन पाठ करून बसली. इंदुबाई तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. डॉक्टर खूप बोलले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

ताप भरल्यापासून चौथ्या दिवशी गुणाजीचा ताप उतरला, त्यानं बायकोकडे पेज मागितली. त्या दुपारी रोहिणी इंदुबाईजवळ येऊन बसली. रागावली नाही. नुसतं विचारलं, "मावशी, आजवर किती जणांची पिशवी अशी वर ठेवलीत?"

इंदुबाई आठवू लागली. डोलवीचे म्हातारे मास्तर आठवले. त्यांनाही असाच थंडीताप आला होता, कपाळावर ओल्या पट्ट्या तिनंच ठेवल्या होत्या. मास्तर घरी गेलेच नाहीत. त्यांची लेक हिच्या गळ्यात पडून रडली होती, आणि "तुझ्या हातात काय व्हतं गो," असं म्हणत इंदुबाईनं तिची पाठ थोपटली होती.