मालुबाईच्या जागेवरचा दगड

खासबागेतल्या त्या गल्लीत तेव्हा चाळीस बिऱ्हाडांना मिळून एकच नळ. पहाटे पाचला यायचा आणि साडेसहाला निरोप घ्यायचा. आता बटण दाबलं की टाकी भरते, पण त्या पहाटेची मजा टाकीत कुठली? हंडे, कळश्या, घागरी ओळीनं बसत. भांडं घरात अडकलं असेल, तर बाई आपल्या जागी दगड ठेवून जाई, आणि त्या दगडाला माणसाइतका मान असे.

तो मान तानीबाईनं मोडला. तिचं तोंड मुळातच गल्लीपेक्षा मोठं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एकदा उशीर झाला, म्हणून तिनं मालुबाईचा दगड भिरकावला आणि तिथं आपली घागर ठेवली. मालुबाईनं ती बाजूला सारली. तानीबाईनं मागचापुढचा विचार न करता तीच घागर तिच्या कपाळात घातली. सहा टाके पडले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

तानीबाईनं गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, पण अट घातली. सहा महिने रोज नळावर सगळ्यांची रांग लावून द्यायची, म्हाताऱ्या-आजाऱ्यांचं पाणी घरपोच करायचं आणि स्वतःची घागर सगळ्यांत शेवटी भरायची.

पहिले आठ दिवस बायका पदराआड हसल्या. तानीबाई दातओठ खात उभी राहिली. पण रोज भांडी बघता बघता तिला त्यांवरून घरं कळायला लागली. एकदा म्हाताऱ्या बाळाबाईची कळशी दिसली नाही, म्हणून ती बघायला गेली, तर म्हातारी तापानं फणफणलेली.

"तानी, तू आलीस ते लई बरं झालं गं," बाळाबाई म्हणाली आणि तिचा हात सोडेना.

तू आलीस ते बरं झालं, असं तानीबाईला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. ती परत नळावर आली ती डोळे पुसतच.

एकच भांडं मात्र रांगेत येत नव्हतं. मालुबाई पार मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायची. तानीबाई दोनदा पाय धरायला गेली, दोन्ही वेळा दार लागलं. मग तिनं तो भिरकावलेला दगड शोधून आणला आणि रोज मालुबाईच्या जागी ठेवायला लागली. त्याला कुणी हात लावायचा नाही.

सहा महिने संपले. दुसऱ्या दिवशी पहाटे तानीबाई घरातच बसून राहिली. शिक्षा सरली, आता नळावर आपण कोण? बाहेर नळावर भांडाभांडीचा नुसता कालवा चालला होता. तेवढ्यात कडी वाजली. दारात मालुबाई उभी, काखेत कळशी, कपाळावर व्रण.

"आक्का, नळ आलाय. रांग कोण लावणार?"

"माझी शिक्षा काल सरली गं."

"तुझी सरली. आन् माझी? सा म्हयनं हिरीचं पाणी वडून खांदं गेल्यात." तिनं नळाच्या कट्ट्यावरून उचलून आणलेला आपला दगड पुढं केला. "ह्यो घे. तितं आता कळशी ठिवतो मी."

तानीबाई रडत रडत नळाकडं पळाली. पुढं बारा वर्षं तिनं रांग लावली, घरोघरी नळ येईपर्यंत. आपली घागर तिनं कायम शेवटीच भरली.

दगड देव्हाऱ्यात गेला. नातवंडं विचारत, "आज्जी, ह्यो कुठला देव?"

"मालुबाईचा हाय," ती म्हणे. "माझी जागा राखतोय."