चौथी बॅटरी

ताडकळसच्या बसथांब्याजवळ मल्हारीचे बॅटरी दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात खुर्ची एकच, आणि तिच्यावर मल्हारीला बसलेले फारसे कोणी पाहिलेले नाही. ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावली की तो उंबऱ्यापर्यंत येतो, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहतो, आत जाऊन मीटरचा काटा बघतो आणि पुन्हा उंबऱ्यावर येतो. "बॅटरी आमची, अन् करंट ह्याला," असे गिऱ्हाइके म्हणतात. मल्हारी हसतो, पण थांबत नाही.

या अस्वस्थतेचे मूळ त्याच्या बालपणात शोधता येते. ते मेंढरांमागे गेले. सुगी उरकली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचे आणि शेतोशेती मेंढरे बसवत कळप गोदाकाठाने सरकत राहायचा. वडील थकले, कळप विकला गेला, गावात पत्र्याचे घर उभे राहिले. मल्हारीने नंतर वीटभट्टी केली, मोटारींचे गॅरेज केले आणि अखेर बॅटऱ्यांपाशी येऊन ठेपला. ठेपला हा शब्दही तितकासा खरा नाही. तिथे त्याला धरून ठेवणारी त्याची बायको कासाबाई होती.

कासाबाईचे माहेरही मेंढपाळाचेच, परंतु त्या चालण्याची तिच्या मनातली आठवण निराळी आहे. तिला आठवते ती भिजलेली चूल, आणि झोपेतून उठवून पुन्हा चालायला लावलेली लहान भावंडे. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती: बिऱ्हाड पुन्हा घोड्यावर बांधायचे नाही. मल्हारीने ती आजवर पाळली. मात्र पाळणे आणि मान्य करणे या दोन गोष्टींत जे अंतर असते, त्या अंतरात तो येरझाऱ्या घालत राहिला.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दिनकरराव त्याच्या दुकानात आले. दिनकरराव मूळचे पालमचे. उभी हयात मालवाहू जहाजांवर इंजिनाच्या खोलीत काढून निवृत्त झालेले. त्यांनी मुंबईत एक जुनी शिडाची नाव विकत घेतली होती. दुरुस्ती गावाकडे, आपल्या डोळ्यांसमोर व्हावी म्हणून ती ट्रेलरवर घालून येलदरीच्या जलाशयात, मेहुण्याच्या शेतालगत आणून सोडली होती. नावेच्या बॅटऱ्या दम धरत नव्हत्या आणि चार्जर तापत होता. पूर्णा आणि परभणी इथल्या कारागिरांनी "घरचा इन्व्हर्टर असंल तर सांगा" म्हणून त्यांना वाटेला लावले होते.

"नावेत ऱ्हायचं असतंय का, साहेब?" मल्हारीने विचारले.

"राहायचं, रांधायचं, झोपायचं. दिवे, पंखा, पाण्याची मोटार, फ्रीज, सगळं बॅटरीवर."

"म्हंजे बिऱ्हाडच की!"

"बिऱ्हाडच. फक्त घोड्याऐवजी वारा."

मल्हारीने पान्यांची पिशवी उचलली. काय बदलायचे, किती दिवस लागतील, हे त्याने बसमध्ये बसल्यावर विचारले.

दिनकररावांची योजना साधी होती. दिवाळीनंतर नाव रत्नागिरीला न्यायची आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने केरळपर्यंत उतरायचे. सोबत विजेचे पाहणारा एक माणूस त्यांना हवा होता. "चारही बॅटऱ्या नव्या, चार्जर नवा. काठावरच्या विजेची वायर न जोडता तीन दिवस पाण्यात राहून दाखवू. सगळं नीट चाललं, तर तो माणूस तू."

हे ऐकल्यावर मल्हारी उरलेल्या वाटेत जागेवर बसला नाही. येलदरीला पोचल्यावर त्याने नाव पाहिली: आडवी करून ठेवलेली डोलकाठी, गुडघे मुडपून झोपावे अशी जागा, हाताच्या अंतरावर शेगडी. पायऱ्यांखालच्या कप्प्यात चार बॅटऱ्या एकमेकींना जोडून बसवलेल्या होत्या. तीन फुगून बेडौल झाल्या होत्या. चौथी मात्र गेल्या वर्षीच बदललेली. मीटरवर तिचा काटा छान उभा राहत होता.

"चारही काढून टाक, या नव्या बसव," एवढे सांगून दिनकरराव जिंतूरला सामान आणायला गेले.

मल्हारीची खरी चूक इथे झाली, आणि ती समजून घ्यायला त्याचा मूळचा धंदा ठाऊक असावा लागतो. अख्खा कळप नवा कधी करायचा नाही, ही मेंढपाळांची रीत. बाजारातून नवी मेंढरे आणली तरी एक जुनी मेंढी राखायची; तिला वाट, पाणवठे, मालकाची हाक ठाऊक असते, आणि बावरलेली नवी मेंढरे तिच्यामागे निमूट चालतात. दुकानात मल्हारीने आजवर हाताळली ती एकएकटी बॅटरी, ट्रॅक्टरची किंवा घरच्या इन्व्हर्टरची. बॅटऱ्यांचा कळप तो प्रथमच हाताळत होता. त्याने तीन नव्या बसवल्या, त्यांच्या जोडीला ती जुनी ठेवली, फडक्याने तिचे झाकण लख्ख पुसले आणि चौथी नवी बॅटरी गोणपाटात गुंडाळून नावेच्या पुढच्या टोकाला जपून ठेवली. पुढं लागंल, म्हणून.

दिनकरराव परतले तेव्हा सांगायचे त्याच्या मनात होते. पण ते सामान उतरवत होते. मग चहा झाला. मग नव्या चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि दिनकरराव इतके खूश झाले की सांगणे उद्यावर गेले. उद्या नाव नांगरावर होती, किनारा दूर होता, आणि न सांगितलेली गोष्ट एका रात्रीत दुप्पट जड झाली होती.

पहिला दिवस सुरळीत गेला. दिनकररावांनी जहाजांवरच्या गोष्टी सांगितल्या. मल्हारी ऐकत होता, पण दर थोड्या वेळाने उठून कप्प्यापाशी जात होता.

"काय रे, कप्प्यात कोंबडी अंड्यावर बसवलीस काय?"

"न्हाई साहेब, उगी बघायलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीज बंद पडला. मग पंखा मंदावला. नाव वल्हवत काठाला आणून मेहुण्याच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीतून वायर जोडली, तेव्हा चार्जर नुसता घोंघावत राहिला. हिरवा दिवा काही लागेना. हळूहळू नावेत सडक्या अंड्यांचा वास भरला.

दिनकररावांनी नाकाला रुमाल लावला. "चार्जरच खराब निघाला. वायर काढ. उद्या बदलून आणतो. तू कशाला तोंड पाडतोस? तुझा काय दोष?"

इतकी सोयीची वाट मल्हारीला आयुष्यात कोणी दाखवली नसेल. चार्जर परत गेला असता, गोणपाटातली बॅटरी गुपचूप जुनीच्या जागी बसली असती, आणि दिवाळीनंतर तो समुद्रावर असता. त्याने कप्प्यात हात घालून त्या जुन्या, चौथ्या बॅटरीच्या अंगाला लावला. तव्यावरून उचलावा तसा हात मागे आला.

"चार्जर चांगला हाय, साहेब," तो म्हणाला. "ह्यातली एक जुनी हाय. मी ठिवली. तुमी जिंतूरला गेल्ते तवा."

"का?"

मल्हारीने मेंढीची गोष्ट सांगितली. ती सांगताना तिचा फोलपणा त्याला स्वतःलाच ऐकू येत होता. मीटरवर काटा उभा राहत असला, तरी भार पडताच त्या जुन्या बॅटरीचा एक कप्पा आतून मेला होता. तिच्या सोबतच्या तिघी आपली ताकद तिच्यात ओतत राहिल्या आणि तिच्यासकट खाली बसल्या. दिनकररावांनी सगळे ऐकून घेतले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मल्हारीला बरे वाटले असते.

"बॅटरी चुकली, ते ठीक," ते सावकाश म्हणाले. "पण समुद्रावर मी झोपलेला असताना तू एखादी गोष्ट ठेवशील आणि सांगणार नाहीस, तर मी झोपू कसा?"

गोणपाटातली बॅटरी बसली. संध्याकाळपर्यंत हिरवा दिवा लागला. पुन्हा तीन दिवस नाव पाण्यात उभी राहिली. फ्रीज, पंखा, मोटार यांपैकी कशानेही मान टाकली नाही. पण सोबत नेण्याचा विषय दिनकररावांनी काढला नाही आणि मल्हारीला विचारवले नाही. निघताना त्याने ती जुनी बॅटरी मागून घेतली आणि बसमध्ये पायांपाशी ठेवून घरी आणली.

त्यानंतरचे दिवस कासाबाईला फार कठीण गेले. नवरा आधी दुकानात फिरत असे, आता घरातही फिरू लागला. "अवो, बसा की जरा. शेळ्याबी बुजायल्यात तुमच्या पायानं." शेवटी तिने खोदून विचारले, आणि त्याने येलदरीची हकीकत सांगितली; समुद्राचा भाग सोडून. मेंढीपर्यंत आल्यावर ती पोट धरून हसली. "म्हातारी मेंढी म्होरं चालती, कामून की तिला वाट ठावं असती. तुमच्या बॅटरीला कुठली वाट ठावं? त्या डब्यात बसून असती बिचारी!"

आठवडी बाजाराच्या दिवशी दिनकरराव घराच्या दारात उभे राहिले. मल्हारी दुकानात होता. त्यांना घराकडे जाताना पाहून तो मागोमाग धावत आला, पण उंबऱ्यापाशीच थबकला. दिनकरराव कासाबाईशीच बोलत होते. समुद्र, केरळ, चार-पाच महिने, सगळे त्यांनी तिच्यापुढे मांडले.

कासाबाईने पदर सावरला. नवऱ्याने काय लपवले होते ते तिला आत्ता कळत होते, आणि तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"सायेब, एक विचारते. त्या बॅटरीचं तुमी पकडलं, का ह्यांनी सांगितलं?"

"त्यानंच सांगितलं. मी तर चार्जरला दोष देत होतो. म्हणूनच तर आलोय."

"मला तर ह्ये समुद्राचं आत्ताबी सांगंनात." ती म्हणाली. "मी अट घातली व्हती, बिऱ्हाड हलवायचं न्हाई. आता बिऱ्हाड काय हलायलं न्हाई, बिऱ्हाड हितंच हाय. एकटं माणूस हलायलंय, ते तसंबी घरात कुठं थांबायलंय? न्या. पर दुकानाची किल्ली माझ्यापाशी ऱ्हाईल."

"तुला कुठं येतंय त्यातलं?" मल्हारी उंबऱ्यावरून बोलला.

"इतकी वर्सं भाकर घिऊन येते, ते काय डोळे झाकून? अन् मी काई जुन्या-नव्याचा कळप करणार न्हाई."

दिवाळीनंतर मल्हारी परभणीच्या बसमध्ये चढला. जागा रिकाम्या असूनही तो दरवाजाजवळ उभा राहिला. त्याच सकाळी बन्सीधर नावाचा शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन दुकानात आला. खुर्चीवर कासाबाई बसली होती.

"मल्हारी कुठं गेला, वैनी?"

"समुद्रावर."

"अन् माझी बॅटरी?"

"ठिवा खाली," कासाबाई उठली आणि तिने बॅटरीचे पहिले बूच फिरवले. "पानी कधी घातलं व्हतं? खरं सांगा, भावजी."