वाडगे काय म्हणतायत

“येणार नाही म्हणजे काय? अख्खं शिओमी गाव मैदानात लोटणार, आणि जिच्या हातचं खाऊन पोरं जिंकली ती इथे चुलीपाशी बसणार?”

“तुम्ही जा ना. तुमचे बूट कालपासून दाराकडे तोंड करून उभेच आहेत.”

“बूट माझे असले तरी अंगठी तुझी आहे!”

“मी मागितली होती?”

“मागून मिळते होय अशी विजयाची अंगठी? बावीस खेळाडूंना बावीस, कोचला एक, आणि चोविसावी तोमिए हायासाकाला! मी पस्तीस वर्षं समुद्रात माकुळं मारली, मला कुणी साधी टोपी दिली नाही.”

“मग तुम्हीच घाला बोटात.”

कानेतोने बूट पुसायचं फडकं टेबलावर आपटलं. “अगं, कारण तरी सांग! डोकं दुखतंय म्हण, पोट दुखतंय म्हण. नुसतं नाही, नाही, नाही! लोक म्हणतील, म्हातारी शेफारली.”

“म्हणू देत,” तोमिए म्हणाली आणि मुठीतला भात इतका जोरात दाबला की बोटांच्या फटींतून शितं बाहेर आली.

कारण होतं. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत ते तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. गिळवत नव्हतं आणि काढायला तोंड उघडायचं धैर्य नव्हतं.

तोमिए मासळीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कामगारांचं जेवण रांधत होती. कारखाना बंद पडला, त्याच वर्षी नवऱ्याने, कानेतोने, होडी विकली. दोघं समोरासमोर बसून दिवसभर टीव्ही बघायची आणि एकमेकांच्या चहा पिण्याच्या आवाजावर चिडायची. तेवढ्यात गावात बेसबॉलचा संघ निघाला. पगारी खेळाडूंचा, अगदी खराखुरा. नाव ठेवलं ‘उमिनेको’, बंदरावर कलकलाट करणाऱ्या पक्ष्यांवरून. जुन्या खानावळीच्या इमारतीत पोरांची राहायची सोय झाली आणि स्वयंपाकाला तोमिए आली. पोरं तिला ओबाचान, म्हणजे मावशी, म्हणू लागली. तिला मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती बावीस जणांवर खेकसत होती.

“पाय खाली! ही खानावळ आहे, न्हाणीघर नाही.”

“ओबाचान, मुळ्याचं लोणचं नको.”

“नको म्हणणाऱ्याला दुप्पट.”

पहिल्या वर्षी संघ तळाला. दुसऱ्या वर्षीही तळाला. गावकरी म्हणायचे, पक्ष्यांचं नाव ठेवलंय, म्हणून नुसता कलकलाट. तरी मुराकोशी कोचने एक गोष्ट पहिल्याच महिन्यात हेरली होती. या बाईला उष्टे वाडगे वाचता येतात. कोण अर्धा भात टाकतो, कोण सूप पीत नाही, कोण मासा नुसता चिवडतो, त्यावरून तिने एकाचा ताप ओळखला होता, एकाची घरची आठवण, आणि एकाची लपवलेली मोडकी बरगडी. तो बरगडीवाला हसताना वाडगा खाली ठेवायचा, एवढंच तिने पाहिलं होतं. तेव्हापासून कोच रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचा आणि विचारायचा, “हायासाका-सान, वाडगे काय म्हणतायत?”

ती सांगायची. कोच त्याप्रमाणे कुणाला बसवायचा, कुणाला डॉक्टरकडे धाडायचा. तिच्या शब्दावर खेळाडू ठरत होता. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तिच्या लेखी ते स्वयंपाकापेक्षाही मोठं काम होतं.

तिसऱ्या वर्षी इबुकी ओनोदेरा आला. वीस वर्षांचा, उंच, मानेवर चामखीळ, बाप सफरचंदाची बाग करणारा. संघाचा पिचर म्हणून बॉल असा फेकायचा की झेलणाऱ्याच्या हातमोज्याचा आवाज बंदरापर्यंत जायचा. संघ जिंकायला लागला. मे महिन्यात जिंकला, जूनमध्ये जिंकला. कानेतो, जो दोन वर्षं घरात कुणाशी धड बोलत नव्हता, तो निळी टोपी घालून मैदानात ओरडून घसा बसवून यायचा आणि जेवताना पुन्हा सगळी मॅच तिला मिठाच्या बरण्या मांडून दाखवायचा. मासळीबाजारात बायका तिला आधी माल द्यायच्या. “तुमची पोरं, तोमिए-सान!” तिला ते आवडायचं. ते किती आवडायचं हे तिने तेव्हा मोजलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी इबुकीच्या जेवायच्या काड्यांतून काळ्या सोयाबीनचा दाणा निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि काड्या डाव्या हातात घेतल्या.

सगळे उठून गेल्यावर तिने त्याला अडवलं.

“हात दाखव.”

“काही नाही, ओबाचान.”

“दाखव म्हणते ना!”

कोपर आतून सुजलं होतं. त्याने बाही पटकन खाली ओढली. “तीन आठवडे. फक्त तीन आठवडे. मोठ्या लीगची माणसं मला बघायला येतायत. ऑक्टोबरात निवडलेल्यांची नावं पुकारतात. माझं नाव लागलं की मग हवा तेवढा आराम. कोचला कळलं तर ते आजच बसवतील. ओबाचान, पाया पडतो.”

दुसऱ्या दिवशी कोच खिडकीत आला.

“वाडगे काय म्हणतायत?”

“सगळे नीट जेवतायत.”

“ओनोदेराचा?”

“चाटूनपुसून.”

ते खोटंही नव्हतं. कारण आदल्या रात्री तिने काड्यांचं जेवणच केलं नव्हतं. चमच्याने खायची करी केली होती. मग दुसऱ्या दिवसापासून ओनिगिरी. भाताचे घट्ट गोळे, आत खारवलेला मासा, वर समुद्री शेवाळाची पट्टी, कुठल्याही हाताने उचला. एकट्या इबुकीला दिले असते तर डोळ्यांवर आलं असतं, म्हणून तिने बावीस जणांना दिले.

“ओबाचान, आजपण ओनिगिरी? आपण काय सहलीला आलोय?”

“गप खा. जिंकताय ना?”

जिंकत होतेच. आणि जिंकत असताना काही बदलायचं नाही, हा तर या पोरांचा धर्म. एकजण मोजे बदलत नव्हता, एकजण दाढी करत नव्हता, तसे ओनिगिरीही बदलायचे नाहीत असं पोरांनीच ठरवलं. ओळीने नऊ सामने जिंकल्यावर स्थानिक पेपरात तिचा फोटो आला, दोन्ही हातांत भाताचे गोळे, वर मथळा: ‘विजय मुठीत दाबणारी आई’. कानेतोने तो कापून खानावळीच्या फ्रिजवर लावला. इबुकी येताजाता त्या फोटोकडे आणि मग तिच्याकडे बघून डोळा मारायचा. दोघांचं गुपित. तिला हसू यायचं. देवाशपथ, तेव्हा हसू यायचं.

कोच आणखी दोनदा नाव घेऊन विचारून गेला. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. चाटूनपुसून.

अजिंक्यपदाच्या सामन्यात, अखेरच्या नवव्या इनिंगला, तीनपैकी दोन बाद झाल्यावर इबुकीने एक बॉल टाकला आणि तिला गॅलरीत बसल्या जागी कळलं. आवाज वगैरे काही आला नाही. त्याचा खांदा फक्त क्षणभर, ओला कपडा दोरीवर टाकावा तसा पडला. तरी त्याने आणखी तीन बॉल टाकले. तिसऱ्यावर सामना संपला. पोरं धावली, कोचला उचलून हवेत उडवू लागली, एकदा, दोनदा, पाचदा. कानेतो शेजारच्याच्या गळ्यात पडून रडत होता. इबुकी त्या घोळक्याच्या कडेला उभा होता, हसत. त्याचा उजवा हात त्याच्याबरोबर हसत नव्हता.

डॉक्टरांनी कोपराच्या आतला बंध पुरता तुटल्याचं सांगितलं. आधी तो अर्धवटच फाटला असणार, तीन आठवडे आधी थांबला असता तर नुसत्या विश्रांतीने भरला असता. कोच स्वयंपाकघराच्या खिडकीत आला, हे तिला सांगितलं आणि म्हणाला, “माझी चूक, हायासाका-सान. मला दिसायला हवं होतं.” आणि तिच्यासमोर कमरेत वाकला. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. तीही वाकली. दोघं वाकून उभी राहिली, आणि आधी कोण सरळ झालं ते तिला आठवत नाही.

ऑक्टोबरात कुणी इबुकीचं नाव पुकारलं नाही.

आणि आता एप्रिल, नवा मोसम, मैदानात विजयाचा झेंडा चढणार. अंगठी द्यायचं कारणही निमंत्रणपत्रात छापलं होतं: ‘ओनिगिरीबद्दल कृतज्ञतापूर्वक’.

दाराची घंटी वाजली.

“अरे! आमचा पिचर आला!” कानेतो ओरडला. “ये, ये! बरं झालं आलास. हिला तूच समजाव, माझं ऐकत नाही. मी पुढे जाऊन जागा धरतो. पहिली रांग, म्हणजे अंगठी नीट दिसेल.” आणि तो चकाकते बूट चढवून गेलासुद्धा.

इबुकी जाड झाला होता. बाहीच्या कडेतून व्रण डोकावत होता. तो खानावळीत बसायचा तसाच टेबलाच्या कडेला बसला आणि न विचारता ताटलीतला एक गोळा उचलला. डाव्या हाताने.

“अजून तेवढंच मीठ! आमच्याकडे आई अळणी करते.”

“हात कसाय?”

“झाडाच्या फांद्या छाटायला पुरतो. बाबा खूश आहेत. फुकटात गडी मिळाला.” तो हसला. “चला, आवरा. अंगठी तुमच्या बोटात मी घालायची, कोचनी सांगितलंय. मी म्हटलं, मीच घालणार. बाकी सगळ्यांना मी जिंकायला हवा होतो. कोचना, गावाला, बाबांनासुद्धा. एकट्या तुम्हीच माझ्या बाजूने होतात. दवाखान्यात मी तेच धरून होतो.”

इथे गप्प बसायचं होतं. हात धुवायचे, डोक्याला रुमाल बांधायचा, त्याच्याबरोबर चालायला लागायचं. तोमिएने हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.

“नव्हते,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझ्या बाजूने नव्हते मी. तू म्हणालास पाया पडतो, तेव्हा मला तुझी दया आली, ते खरं. पण ती एक रात्र. दुसऱ्या दिवशी मला झेंडा हवा होता. मासळीबाजारातल्या बायका हव्या होत्या. आमचे हे घरात बोलायला लागले होते, ते बोलणं हवं होतं. तू बसला असतास तर ते सगळं संपलं असतं. पेपरात फोटो आला त्या दिवशी तुझं कोपर जांभळं होतं, आणि मी फोटोच्या पाच प्रती घेतल्या.”

इबुकी चावायचा थांबला.

“कोचना माहीत नव्हतं ना पण,” तो सावकाश म्हणाला. “त्यांनी काही विचारलं नव्हतं.”

“विचारलं होतं.”

“सगळ्यांचं विचारायचे ते. ते वाडग्यांचं.”

“तुझं नाव घेऊन. तीनदा. मी चाटूनपुसून म्हणाले.”

फ्रिज घरघरत होता. बाहेर रस्त्यावरून ढोल घेतलेली माणसं मैदानाकडे चालली होती, कुणीतरी इबुकीच्याच नावाची आरोळी ठोकली, बाकीच्यांनी ती उचलली.

“कोचना मी आज सांगणार आहे,” तोमिए म्हणाली. “अंगठी घेणार नाही. पण तिथे सगळ्यांसमोर तू उभा असशील, आणि तुझं गुपितही त्यात उघडं पडेल. म्हणून तुला आधी विचारते. तू म्हणशील तसं. मी येऊ का, इबुकी?”

त्याने अर्धा खाल्लेला गोळा ताटलीत परत ठेवला, खाल्लेली बाजू खाली करून. बोटांना चिकटलेली शितं एकेक काढली. मग उठला, उंबऱ्याशी बसून बूट घालू लागला. उजव्या हाताची बोटं नाडीवर दोनदा घसरली. ती मदतीला एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली. गाठ त्याने डाव्या हाताने आणि दातांनी आवळली.

“इबुकी?”

दार सरकलं, ढोलांचा आवाज आत आला, आणि दार पुन्हा सरकून बंद झालं.