गोठ्यावरून येणारं ऊन

आमची पिरंगुटची जागा म्हणजे नुसता पट्टा. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले, तेव्हा रस्त्याची बाजू दोघांनाही हवी होती. मग जागा उभी चिरली. दोघांनाही रस्ता मिळाला आणि दोघांच्याही वाट्याला बोळ आला!

सासऱ्यांनी घर बांधायला काढलं. जमिनीवर फक्कीच्या रेघा मारल्या: पुढं ओसरी, मधे खोली, मागं स्वयंपाकघर. मी चहा घेऊन गेले तर विचारलं, "सूनबाई, चूल कुटं मांडू?"

मी नेऱ्याची, मोकळ्या खळ्यावर वाढलेली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाले, "दिवसाढवळ्या चिमणी लावाय लागू नये, तितं."

सगळे हसले. पण उजेड आणायचा कुठून? मागं परक्याची भिंत, एका बाजूला शेजाऱ्याचं घर. उरली धाकट्या मामंजींची, म्हणजे सासऱ्यांच्या त्या भावाची बाजू. तिकडं त्यांचा बुटका गोठा होता. तेच म्हणाले, "माज्या गोठ्यावरनं घ्या की ऊन. छप्पर काय मी वर न्हेत न्हाई."

गोठ्याच्या छपरावर उघडणारी मोठी खिडकी ठेवली. सकाळी ऊन थेट चुलीपर्यंत यायचं. बायका बघायला यायच्या आणि मी मिरवायची.

पुढं धाकट्या मामंजींच्या मुलाचं लग्न झालं. त्यांच्या घरात एकच खोली, म्हणून गोठ्यावर माडी चढवायचं निघालं. गवंडी बघून म्हणाला, "ही खिडकी बुजंल."

धाकटे मामंजी म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. शब्द दिलाय."

"दुसऱ्याच्या चुलीपायी मी ओसरीवर झोपू व्हय?" मुलगा कडाडला.

मी दाराआड उभी होते. थोरांपुढं सुनेनं बोलायचं नसतं, हे खरं. पण सासूबाई शेजारीच होत्या. 'बुजवा खिडकी' एवढं त्यांच्या कानात सांगितलं असतं तर भागलं असतं. नाही सांगितलं. मला माझं ऊन हवं होतं.

पोरगं बायकोला घेऊन खडकीला गेलं, भाड्याच्या खोलीत. सणालाही येईना.

मला त्या उजेडात भाकरी थापवेना. लाज वाटायची. एके सकाळी मी खिडकी लावून घेतली आणि चिमणी पेटवली. थोड्या वेळानं गोठ्यातून धाकट्या मामंजींची हाक आली. एकटेच शेण काढत होते.

"खिडकी का लावली गं पोरी?"

मी चिमणीची वात बारीक केली.

"उगड ती. पोरगं तर गेलंच. आता ऊन तरी वाया घालवू नगं."

मी खिडकी उघडली. सुपात तांदूळ घेऊन उन्हात निवडायला बसले. एवढा लख्ख उजेड, पण मला एकही खडा दिसेना.