कार्यशाळेचा नियम

नातीने शिवणयंत्रात तेल घातलं आणि त्या वासासरशी मला कॉलेजचा पहिला दिवस आठवला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळच्या रस्त्यावरून मोर्चाच्या घोषणा येत होत्या आणि वर्गात सर वस्त्रतंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम इंग्रजीतून समजावत होते. मला धड ना हे ऐकू येत होतं, ना ते. वर्गात मुलगी मी एकटीच. एवढंच कळलं, की कार्यशाळेत खाकी पँट घातल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.

मी पदर आवळून उभी राहिले. "सर, मी काय करू?"

सर गोंधळले. चष्मा पुसत म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखाच आहे."

म्हणजे मी यायचं की नाही? घरी आईला विचारलं, तर तिलाही उमजेना. शेवटी तिने दादाची पँट कमरेत टाचून दिली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यशाळेच्या दारात घुटमळले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग घाईने मुलांकडे वळून म्हणाले, "सरका रे, यांना जागा द्या."

आदल्या दिवशी उत्तर सरांनाही ठाऊक नसावं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी एका हाताने पँट सावरत यंत्रापाशी गेले.